फुटलेल्या ताऱ्याचं लोखंड

"रंग कुठले कुठले आहेत रे?" बाईंनी विचारलं.

नेरूरच्या घरी पडवीत बसलेल्या मणेरीकरबाईंना, संशोधनातल्या आपल्या गुरूंना, दोन वर्षांपासून दिसत नाही, हे सौमित्रला आत्ता कळलं. फोटो त्यांच्या हातात दिल्यावर.

फोटो एका फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाचा होता. उपग्रहावरच्या दुर्बिणीने अकरा दिवस क्ष-किरण टिपले, तेव्हा कुठे तो उमटला. ताऱ्याच्या पोटातलं लोखंड स्फोटात पार कडेला फेकलं गेलंय, हे सौमित्रने त्यावरून दाखवून दिलं होतं. "बाई, जगात सगळ्यांत आधी मी पाहिलं!" असं म्हणतच तो पायरी चढला होता.

"कडेला निळा," तो चाचरत म्हणाला. "आत लाल, हिरवा..."

"ताऱ्याचेच का हे रंग?"

"नाही बाई. क्ष-किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. रंग आम्ही भरतो. कळावं म्हणून."

"मग लोखंड कसं पाहिलंस?"

"पाहिलं नाही... किरणांच्या ऊर्जेवरून ओळखलं."

"अस्सं!" बाई मनापासून हसल्या. "म्हणजे आपण दोघं सारखेच की."

त्यांनी बोट पुढे केलं.

सौमित्रने ते धरून कागदावर टेकवलं. अवशेषाच्या कडेकडेने हळूहळू फिरवलं. एका जागी थांबला.

"इथे आहे, बाई."

बोट तिथेच राहिलं. बराच वेळ...

"केवढं लांब आलं हे लोखंड," त्या पुटपुटल्या.

बाईंच्या हाताखाली संशोधनाच्या पहिल्याच वर्षी सौमित्रने यंत्रातला दोष ताऱ्याचा शोध म्हणून मिरवला होता. बाईंनी त्याला बाजूला घेऊन चूक दाखवली. कुणाला कळू दिली नाही. ती कळली असती, तर आज तो या कामात नसताच.

शोधनिबंधाच्या शेवटी त्याने सतरा जणांचे आभार मानले होते. बाईंचं नाव त्यात नव्हतं.

तो खाली वाकला. त्यांच्या पावलांवर कपाळ टेकलं.

"तुमचे आभार राहिले, बाई. छापूनही झालं सगळं... फार उशीर केला मी."

बाईंनी चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"उशीर कसला? या ताऱ्याचा किरण दहा हजार वर्षांपूर्वी निघाला, तो आत्ता पोचला. तेव्हा त्याची वाट बघत इथे कोण बसलं होतं रे?"