इवलीच्या आईची कास दुखते

डोंगराच्या पायथ्याशी एक गोठा. गोठ्यात एक शेळी. शेळीजवळ तिचं करडू. एवढंसं. त्याचं नाव इवली.

इवली अजून पाला खात नव्हती. पेंड खात नव्हती. ती फक्त दूध प्यायची. आईचं दूध.

सकाळ झाली. इवली उठली. शेपटी हलवली. आईच्या पोटाखाली शिरली. तोंड लावलं.

आईनं पाय झाडला.

धप्प! इवली पडली.

आईनं असं कधीच केलं नव्हतं. इवली उठली. परत गेली. आईनं परत पाय झाडला. धप्प!

इवलीला वाटलं, आपलं काही चुकलं. ती कोपऱ्यात उभी राहिली. पोटात आवाज आला. कुर्र, कुर्र.

आई म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही, पिल्ला. माझी कास सुजली आहे."

कास म्हणजे दुधाची पिशवी. आईची कास लाल झाली होती. एका बाजूनं फुगली होती. गरम, गरम.

आई म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, तर दूध देईन. नाही तर कसं देऊ?"

इवली निघाली. टुणटुण, टुणटुण.

ओढा आला. डुबुक, डुबुक. ओढ्यापलीकडं गुरांचा दवाखाना होता. दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. पुष्कळ लोक आले होते. एकजण विचारत होता, म्हैस रवंथ का करत नाही. एकजण विचारत होती, कोंबडी मान का टाकते. डॉक्टरीणबाई सगळ्यांना सांगत होत्या. हळू आवाजात, नीट सांगत होत्या.

सगळ्यांच्या पायांमधून इवली पुढं गेली. म्हणाली,

"डॉक्टरीणबाई, डॉक्टरीणबाई, औषध द्या ना.
कास आईची दुखते,
आई दूध देत नाही,
इवली उपाशी."

डॉक्टरीणबाई खाली वाकल्या. इवलीच्या पोटाला हात लावला. पोट रिकामं होतं. त्या म्हणाल्या की, दुखरी शेळी उड्या मारते. अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही. तिला धरायला घरचं माणूस लागतं.

"तुझ्या घरच्या काकूनं शेळी धरली, तर औषध देईन. नाही तर कसं देऊ?"

इवली निघाली. डुबुक, डुबुक. टुणटुण, टुणटुण.

घर आलं. घरात सगुणाकाकू होती. गोठा काकूचा. शेळी काकूची. काकू पाळण्यापाशी बसली होती. पाळण्यात काकूचं बाळ होतं. बाळ रडत होतं. काकूचे डोळेही ओले होते.

इवली म्हणाली,

"काकू, काकू, शेळी धर ना.
डॉक्टरीणबाई औषध देत नाहीत,
कास आईची दुखते,
आई दूध देत नाही,
इवली उपाशी."

काकूनं इवलीकडं पाहिलं. पाळण्याकडं पाहिलं. बाळ कालपासून निजलं नव्हतं. घरात काल सगळे रडले होते. मग बाळही रडलं. मग ते थांबलंच नाही.

"बाळ निजलं, तर शेळी धरीन. नाही तर कशी धरू?"

इवली पाळण्याखाली गेली. मान वर केली. म्हणाली,

"बाळा, बाळा, नीज ना.
काकू शेळी धरत नाही,
डॉक्टरीणबाई औषध देत नाहीत,
कास आईची दुखते,
आई दूध देत नाही,
इवली उपाशी."

बाळानं इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं. बाळाला चिंगी दिसेना. चिंगी म्हणजे घरची मांजर. ती रोज पाळण्याखाली बसायची. घुर्र घुर्र करायची. मग बाळाला झोप लागायची.

"चिंगी घुरघुरली, तर निजेन. नाही तर कसं निजू?"

इवली बाहेर आली. आता तिच्या उड्या लहान झाल्या होत्या. टुण, टुण. टुण, टुण.

चिंगी छपरावर बसली होती. अंग चोरून बसली होती. इवली खालून म्हणाली,

"चिंगे, चिंगे, घुरघुर ना.
बाळ निजत नाही,
काकू शेळी धरत नाही,
डॉक्टरीणबाई औषध देत नाहीत,
कास आईची दुखते,
आई दूध देत नाही,
इवली उपाशी."

चिंगीनं खाली पाहिलं. मागच्या दारात एक बोका बसला होता. काळा बोका. फिस्स, फिस्स करत होता. चिंगीचा कान त्यानं चावला होता. बोका पूर्वी कधी येत नव्हता. भुऱ्या त्याला येऊ द्यायचा नाही. भुऱ्या म्हणजे घरचा कुत्रा. पण भुऱ्या कालपासून दारात नव्हता.

"भुऱ्यानं बोका हाकलला, तर घुरघुरेन. नाही तर कशी घुरघुरू?"

इवली निघाली. आता तिला उड्या येईनात. ती चालू लागली. लटपट, लटपट.

भुऱ्या गोठ्यामागं होता. तिथं एक खुंटा होता. खुंट्याला दावं होतं. दाव्याला कोणी नव्हतं. भुऱ्या खुंट्यापाशी पडून होता. नाक जमिनीला लावून पडून होता. भाकरी तशीच होती. पाणी तसंच होतं.

इवली म्हणाली,

"भुऱ्या, भुऱ्या, बोका हाकल ना.
चिंगी घुरघुरत नाही,
बाळ निजत नाही,
काकू शेळी धरत नाही,
डॉक्टरीणबाई औषध देत नाहीत,
कास आईची दुखते,
आई दूध देत नाही,
इवली उपाशी."

भुऱ्यानं डोळे उघडले. शेपटी हलवली नाही. हा खुंटा हरण्याचा होता. हरण्या म्हणजे घरचा बैल. मोठा, पांढरा, म्हातारा. भुऱ्या पिल्लू होता, तेव्हापासून तो हरण्याच्या पोटाशी निजायचा. सकाळ झाली की हरण्या हाक द्यायचा. हम्माऽ. मग भुऱ्या उठायचा.

आज हाक आली नव्हती.

"हरण्यानं हाक दिली, तर उठेन. नाही तर कशाला उठू?"

इवलीनं विचारलं, हरण्या कुठं आहे. भुऱ्या म्हणाला, बांधाकडेच्या बाभळीखाली. काल त्याला तिकडं नेलं.

इवली निघाली. लटपट, लटपट. थांबली. बसली. परत उठली. लटपट, लटपट.

बाभळ आली. हरण्या दिसेना. शिंगं दिसेनात. शेपूट दिसेना. माती दिसली. नवी उकरलेली माती. मातीवर पिवळी फुलं.

इवलीला वाटलं, हरण्या खाली निजला असेल. ती मातीपाशी गेली. म्हणाली,

"हरण्या, हरण्या, हाक दे ना.
भुऱ्या बोका हाकलत नाही,
चिंगी घुरघुरत नाही,
बाळ निजत नाही,
काकू शेळी धरत नाही,
डॉक्टरीणबाई औषध देत नाहीत,
कास आईची दुखते,
आई दूध देत नाही,
इवली उपाशी."

हरण्या बोलला नाही.

वारा आला. फुलं हलली. हरण्या बोलला नाही.

इवलीनं मातीला कान लावला. माती गार होती. गप्प होती.

"हरण्या, हाक दे ना," इवली हळूच म्हणाली. "एकदाच दे ना."

हरण्या बोललाच नाही.

मग इवली परत फिरली. लटपट, लटपट. खुंट्यापाशी आली. भुऱ्याच्या शेजारी बसली. म्हणाली, "त्यानं हाक दिली नाही."

भुऱ्या म्हणाला, "मला माहीत होतं."

दोघं बसून राहिली. भुऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. टप्. टप्. इवलीच्या डोळ्यांतूनही आलं.

मग भुऱ्यानं तिला सांगितलं. हरण्या खूप म्हातारा झाला होता. बसला तो उठलाच नाही. डॉक्टरीणबाई आल्या होत्या. हरण्याजवळ बसून राहिल्या होत्या. पण हरण्याचं अंगच थकून गेलं होतं. त्याला औषध लागू पडलं नाही. तो मेला. मेलं की हाक देता येत नाही. भूक लागत नाही. दुखत नाही. परत येता येत नाही.

इवली ऐकत होती. मग तिनं विचारलं, "माझी आईपण म्हातारी आहे?"

भुऱ्या म्हणाला, "नाही. तुझी आई म्हातारी नाही."

"तिला औषध लागू पडेल?"

भुऱ्यानं इवलीला हुंगलं. तिचं पोट हुंगलं. पोटात आवाज झाला. कुर्र. अगदी बारीक.

भुऱ्यानं खुंट्याकडं पाहिलं. दाव्याकडं पाहिलं. मग तो उठला.

अंग झटकलं. फडफड, फडफड. आणि पळाला.

हरण्यानं हाक दिली नाही.
तरी भुऱ्या उठला.
भुऱ्यानं बोका हाकलला. भो, भो, भो!
बोका पळाला.
चिंगी छपरावरून उतरली.
चिंगी घुरघुरली. घुर्र, घुर्र.
बाळ निजलं.
काकू उठली.

काकू गोठ्यात आली. शेळीपाशी बसली. कासेला हळूच हात लावला. कास गरम होती. काकूनं हात मागं घेतला. हरण्या गेल्यापासून ती गोठ्याकडं आलीच नव्हती. तिला रिकामा खुंटा बघवत नव्हता.

"तुझ्याकडं बघितलंच नाही गं मी," काकू शेळीला म्हणाली.

तिनं डॉक्टरीणबाईंना फोन केला. मग शेळीच्या गळ्यात हात टाकला.

काकूनं शेळी धरली.
डॉक्टरीणबाई आल्या. भुर्र, भुर्र, गाडीवरून आल्या.

त्यांनी कास पाहिली. सुजलेल्या बाजूचं दूध पिळून काढलं. ते दूध पांढरं नव्हतं. पाण्यासारखं होतं. त्यात गुठळ्या होत्या. मग सुई टोचली. आई ओरडली. इवली दाराआड लपली. काकूनं आईला सोडलं नाही. कानाशी बोलत राहिली. नंतर डॉक्टरीणबाईंनी कोमट पाण्याच्या फडक्यानं कास शेकली. हळूहळू शेकली.

काकूनं विचारलं, करडाला दूध पाजू का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखऱ्या बाजूचं नको. चांगल्या बाजूचं पाजा.

काकूनं विचारलं, असं कशानं झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोठा ओला राहिला की होतं. कासेला जखम झाली की होतं. रोज हात लावून बघायचं. गरम लागली, की लगेच बोलवायचं. औषध सगळं द्यायचं, मधेच थांबवायचं नाही.

मग काकूनं विचारलं, "दुखरी बाजू पहिल्यासारखी होईल का हो?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगता येत नाही. शेळी बरी होईल. बाजूचं सांगता येत नाही."

ऊन उतरलं. आईचं दुखणं थोडं उतरलं. काकूनं इवलीला उचललं. चांगल्या बाजूला आणलं.

इवली पुढं गेली नाही. तिला भीती वाटत होती. आई पाय झाडील. धप्प होईल.

आईनं पाय उचलला.

आईनं पाय खाली ठेवला.

"ये," आई म्हणाली.

इवलीनं तोंड लावलं. चुटुक. चुटुक चुटुक. चुटुक चुटुक चुटुक. दूध कोमट होतं. गोड होतं. थोडंच होतं. इवली हळूहळू प्यायली. आईनं तिची पाठ चाटली. मान चाटली. कान चाटले.

काकूनं सगळं औषध दिलं. रोज कास शेकली. रोज गोठा कोरडा केला. आईची सूज गेली. दुखणं गेलं. आई पाला खाऊ लागली. पण त्या बाजूला दूध आलं नाही. ते परत कधीच आलं नाही.

इवली आधी तिकडंच जायची. तोंड लावायची. काही यायचं नाही. मग आई अंग वळवायची. दुसरी बाजू पुढं करायची. हळूहळू इवलीला सवय झाली.

आणि भुऱ्या?

भुऱ्या सकाळी दारात बसायचा. बोक्याला हाकलायचा. थोडी भाकरी खायचा. पण संध्याकाळ झाली, की गोठ्यामागं जायचा. खुंट्यापाशी पडून राहायचा. नाक जमिनीला लावून.

एका संध्याकाळी इवली दूध प्यायली. पोट भरलं. ती गोठ्यामागं गेली. टुणटुण, टुणटुण. भुऱ्याच्या पोटाला पाठ लावून बसली.

भुऱ्यानं मान इवलीवर ठेवली.

दोघं निजली. आपणही निजू.