हरबानं पाळणा रेकॉर्ड केला

एका गावात एक पेटीवाला होता, हरबा नावाचा. त्याला भोळा म्हणावं तर गाव हसायचं, आणि वेडा म्हणावं तर तो स्वतःच आधी मान डोलवायचा. भजनात पेटी मात्र झकास वाजवायचा. मग एका पावसाळ्यात उंदरांनी पेटीचा भाता कुरतडला.

"उंदरांना सूर कळतो," हरबा म्हणाला. "नाहीतर घरातलं एवढं धान्य सोडून माझी पेटी का धरली असती? ऐकून ऐकून वैतागले असतील बिचारे."

हरबाची बायको अनसूया. तिचा भाऊ उत्तम तालुक्याला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. त्यानं दाजींना पेटीऐवजी एक मिडी कीबोर्ड आणून दिला. जोडीला जुना संगणक, साऊंड कार्ड नावाची डबी, दोन स्पीकर आणि एक माइक.

"दाजी, या कीबोर्डाच्या पोटात स्वतःचा आवाज नसतो," उत्तम म्हणाला. "पट्टी दाबली की तो नुसता संगणकाला निरोप देतो. वाजतो संगणक."

"म्हणजे माझ्यासारखाच की," हरबा म्हणाला. "आपला आवाज नाही. कुणी दाबलं की निरोप पुढे."

हे सगळं सामान आलं होतं एका पाळण्यासाठी.

त्याचं असं झालं. त्यांची लेक वैजू नाशकाला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण ऐन वेळी अनसूया नळाजवळ घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि बाळंतपण सासरी झालं. मुलगी झाली. आता बारसंही तिकडेच. अनसूयेला प्रवास बंद आणि हरबाला तिला सोडून जाणं बंद.

अनसूया खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "अहो, बाळंतपण गेलं हातचं. बारशाला निदान पाळणा तरी माझा लागू दे. रचलाय मी. तुम्ही वाजवा, मी म्हणते, आणि पाठवून द्या."

"पाठवतो," हरबा म्हणाला. "त्यात काय एवढं?"

सगळं जोडून हरबानं पट्टी दाबली. काहीच वाजलं नाही. त्यानं उत्तमला फोन लावला.

"वायर सैल असेल, दाजी. काढा, फुंकर मारा, परत घट्ट लावा."

हरबानं वायर काढली, फुंकर मारली, घट्ट लावली. वाजलं! हरबा म्हणाला, "कळलं." उत्तमनं सांगितलेलं तो कधी विसरत नसे. अडचण तीच होती.

पण आता पट्टी दाबली की आवाज मागाहून यायचा. बोट पुढच्या पट्टीवर जायचं आणि मागची वाजायची. हरबानं वायर काढली, फुंकर मारली, घट्ट लावली. तरी उशीरच. मग त्यानं पंख्याची वायर काढून फुंकली. फ्रिजची काढून फुंकली. शेवटी अनसूयेपाशी येऊन बसला.

"जरा माझ्या कानात फुंक."

"का हो?"

"आवाज वेळेवर निघत असेल गं. माझ्याच कानात उशिरा शिरत असेल."

अनसूयेनं फुंकर मारली. गुदगुल्या तेवढ्या झाल्या. परत फोन.

"अहो दाजी, संगणक आवाज साठवून साठवून सोडतोय. त्या साठ्याचा आकडा असतो, पडद्यावर दिसेल. तो कमी करा."

हरबानं आकडा कमी केला. पार तळाला नेला. उशीर गेला! "कळलं," हरबा म्हणाला. "आकडा कमी केला की बरं होतं."

आता आवाज वेळेवर यायचा, पण तडतडत यायचा. जसे निखाऱ्यावर पापड. साठ्याचा आकडा आणखी खाली जाईना. मग हरबानं घरात आकडे शोधले. पंख्याचं बटण पाचावरून एकावर आणलं. फ्रिजचं एकावर आणलं. आमटीखालचा गॅसही बारीक केला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक पान मागे उलटलं.

अनसूया घामानं निथळत म्हणाली, "अहो, गेला महिना कशाला परत आणला? माझा पाय मोडला होता त्यात!"

हरबानं घाईनं पान पुढे केलं आणि फोन लावला.

"तळाला कुणी न्यायला सांगितलं?" उत्तम म्हणाला. "थोडा वर घ्या. आणि बाकीचं सगळं बंद करा. संगणकावर ताण येतो."

उत्तमच्या मनात होतं, संगणकावरचं बाकीचं. हरबानं आकडा वर घेतला. तडतड थांबली. पण सांगितलेलं अर्धंच कसं करायचं? त्यानं पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, गॅस बंद केला, अनसूयेचा रेडिओ बंद केला. मग चपला घालून शेजारच्या गिरणीत गेला.

"तुक्या, गिरणी बंद कर."

"का रं?"

"संगणकावर ताण येतोय. मेहुण्यानं सांगितलंय."

"तुझा मेहुणा माझा कोण लागतो?"

हरबा विचारात पडला. नातं लागेना, शोधता शोधता दुपार गेली. तो परत आला तेव्हा फ्रिजमधलं दूध नासलं होतं, आमटी कच्ची होती, आणि अनसूया पदरानं वारा घेत होती.

"तुम्हाला नवरा म्हणून पसंत कुणी केलं होतं हो?"

"तुझ्याच बापानं," हरबा म्हणाला. "मी तर तेव्हाच म्हणालो होतो, नीट बघून घ्या म्हणून."

आता माइकची पाळी. हरबानं माइक खाटेच्या दांडीला सुतळीनं पक्का बांधला आणि दोन्ही स्पीकर त्याच्यासमोर मांडले, म्हणजे गाणं लगेच ऐकायला मिळेल. बटण चालू करताच स्पीकरमधून अशी कर्कश शिट्टी निघाली की तुक्यानं खरंच गिरणी बंद केली आणि धावत आला.

"माइकमधलं स्पीकरमध्ये जातंय, आणि स्पीकरमधलं परत माइकमध्ये," उत्तम म्हणाला. "शिट्टी आली की ताबडतोब माइकचं बटण दाबायचं. एकदा दाबलं की माइक बंद, परत दाबलं की चालू. आणि समोर माइक असताना स्पीकरवर ऐकत बसायचं नाही."

"कळलं," हरबा म्हणाला.

त्यानं स्पीकर बंद केले, थोडं काहीतरी रेकॉर्ड केलं आणि उत्तमला पाठवून दिलं. घटकाभरानं उत्तमचाच फोन आला. हसून हसून त्याला बोलवत नव्हतं.

"दाजी, यात पाळणा कुठाय? यात तुम्ही आक्काला सांगताय, विहीणबाईंनी पाठवलेले डिंकाचे लाडू फोडायला खलबत्ता घेतला, तर खलबत्त्याचाच टवका उडाला म्हणून!"

हरबानं कपाळावर हात मारला. "गाढव ते गाढवच मी."

"मला पाठवलंत म्हणून वाचलात. तिकडे गेलं असतं तर? जे लोकांच्या कानावर जाऊ नये, ते माइकचं बटण दाबून बोलायचं. एवढं लक्षात ठेवा."

हरबानं ते लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वैजूचा फोन आला. "आई, नाव ठरलं. इरावती. तुझ्या पाळण्यात घाल. पण बाबांना बजावून सांग, आत्यानं बाळाच्या कानात सांगेपर्यंत हे नाव कुणाच्या कानावर जाता कामा नये. नणंदबाईंचा मान आहे तो. सासूबाई फार कडक आहेत यात. नाव आधी फुटलं तर माहेरचा उद्धार होईल. आत्याचं झालं की मग आम्ही तुझा पाळणा लावू."

अनसूयेनं पाळण्यात नाव घातलं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी, गोड लांबवून. हरबा खाटेजवळ कीबोर्ड घेऊन बसला. स्पीकर बंदच होते, पण बोटांना पट्ट्या पाठ होत्या. अनसूयेनं घसा साफ केला. तेवढ्यात गॅसवरच्या कुकरनं शिट्टी दिली.

शिट्टी आली की ताबडतोब बटण दाबायचं. हरबानं ताबडतोब माइकचं बटण दाबलं. मग उठला, गॅस बंद केला, हात पुसले आणि परत येऊन बसला.

"हं. म्हण आता."

अनसूया म्हणू लागली.

*चिंचेच्या फांदीला बांधला गं झोका,*
*वाऱ्याला सांगा, हळूच टाक ठोका,*
*नीज गं, नीज गं, इरावती…*

नाव आलं तसं हरबानं बटण दाबलं. नाव संपलं तसं परत दाबलं. पुढचं कडवं, परत नाव, परत टक आणि टक. अनसूयेचे डोळे मिटलेले होते, पण कान उघडे होते.

सगळं संपल्यावर तिनं विचारलं, "मधेमधे काय टकटक करत होता?"

"नावापुरता माइक बंद. कुणाच्या कानावर जायला नको ना?"

"अहो, मग पाळण्यात नाव कळणार कसं?"

"आत्या सांगेल की. तिचाच मान आहे तो."

अनसूया दमली होती. गायलं होतं मात्र मनासारखं. "बरं, एकदा ऐकवा तरी."

"नाही," हरबा म्हणाला. "समोर माइक असताना ऐकायचं नसतं."

माइक सुतळीनं पक्का बांधलेला होता. त्यामुळे ऐकायचं राहिलं. हरबानं पाळणा नाशकाला पाठवला आणि वैजूलाही बजावलं, आधी ऐकू नकोस. वैजूला अंघोळीला वेळ नव्हता, ती काय ऐकते!

बारशाचा दिवस उजाडला. हरबा आणि अनसूया नवे कपडे घालून फोनसमोर बसले. पडद्यावर हॉल, फुलं लावलेला पाळणा, जरीच्या साड्या.

वैजू म्हणाली, "आई, बाबा, तुमचा आवाज इथल्या मोठ्या स्पीकरवर येतोय. आता माइक बंद करून ठेवा. मी सांगितलं की चालू करा आणि आशीर्वाद द्या."

हरबानं फोनवरचं बटण दाबलं. माइक बंद झाला.

तिकडे जावयानं पाळणा नीट वाजतोय का बघायला तो लावला. नुसता कीबोर्ड वाजू लागला. वाजतच राहिला.

"आईंनी अजून म्हणायला सुरुवात केली नाही," जावई म्हणाला. "नुसती धून आहे. छान आहे, राहू दे चालू. तोवर आत्या, तुम्ही घ्या उरकून."

बाळाला पाळण्यात घातलं. आत्या पुढे झाली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला मुठी वळल्या. हॉल चिडीचूप झाला. आत्या बाळाच्या कानाशी वाकली.

"कुर्रर्रर्र…"

"इरावतीऽऽऽ!" स्पीकर म्हणाला.

आणि पुन्हा नुसती धून.

आत्या वाकलेलीच राहिली. मुठी वरच राहिल्या. विहीणबाईंनी आधी स्पीकरकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग हॉलमधल्या मोठ्या पडद्याकडे. पडद्यावर हरबा होता. आत्यानं धीर करून दुसऱ्यांदा सुरुवात केली.

"कुर्रर्रर्र…"

"इरावतीऽऽऽ!"

"अगं बाई," कुणीतरी म्हणालं, "आता धपाटे कुणाला घालायचे?"

इकडे अनसूयेनं तोंडाला पदर लावला. "अहो, माझा पाळणा कुठाय? अख्ख्या पाळण्यात नावच तेवढं कसं राहिलं?"

हरबाला कुकर आठवला. शिट्टी आठवली. ताबडतोब दाबलेलं बटण आठवलं. परत न दाबलेलंही आठवलं.

"अनसूये, जे दडवायचं तेवढंच ऐकू गेलं गं. आणि जे ऐकवायचं ते दडलं. माझ्या डोक्याचीच वायर काढून फुंकायला हवी."

पडद्यावर विहीणबाई जवळ जवळ येऊ लागल्या. हरबाला काहीतरी सुचलं. पण ते लोकांच्या कानावर जाण्यासारखं नव्हतं. यावेळी मात्र तो चुकणार नव्हता. त्यानं आठवणीनं फोनवरचं माइकचं बटण दाबलं आणि मग मोकळेपणानं बोलला.

"विहीणबाईंचं तोंड बघ कसं झालंय. डिट्टो त्यांच्या डिंकाच्या लाडवासारखं. खलबत्ता लागेल."

नाशकातला सगळा हॉल पडद्याकडे वळला. बाळ दचकून रडू लागलं.

हरबा समाधानानं मागे टेकला.

"बरं झालं, आधी बटण दाबलं," तो म्हणाला. "नाहीतर ऐकलं असतं त्यांनी."

तेही त्यांनी ऐकलं.