बेटावरची शपथ

खूप जुनी गोष्ट. तेव्हा दोन राज्यांच्या मधे भिंत नव्हती, फक्त एक नदी होती. अलीकडच्या काठाची राखण एका सरदाराकडे होती. तो घोड्यावरच जेवायचा, घोड्यावरच डुलकी काढायचा, आणि एकही लढाई हरला नव्हता.

दोन्ही काठांत चकमकी व्हायच्या, तशा सोयरिकीही व्हायच्या. माणसंच ती. सरदाराची एकुलती लेक पलीकडे दिली होती, आणि आता पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी यायची होती.

पण नदी ओलांडायची सोय वर्षातून एकदाच, बैठकीच्या दिवशी. त्या दिवशी दोन्हीकडचे सरदार नदीतल्या बेटावर बसत, गुराढोरांचे तंटे मिटवत आणि ओंजळीत पाणी घेऊन शपथ घेत : उद्याचा सूर्य उगवेपर्यंत कुणीही कुणाला हात लावणार नाही. त्या दिवशी वैरीसुद्धा निर्धास्त घरी जाई.

त्या वर्षीही शपथ झाली. दुपार कलली. सरदार परत निघाला, तर अलीकडच्या काठाकाठानं, बैठकीहून घरी निघालेला एक माणूस एकटाच चाललेला. पलीकडचा नामांकित लुटारू. मागच्या हिवाळ्यात त्यानंच अलीकडची गावं जाळली होती.

"सरकार, आयता सापडलाय," सरदाराच्या स्वारांचा नाईक म्हणाला.

"आज नाही. शपथ आहे."

"शपथ बेटावरची. हा तर काठावर आहे! आणि घरं जळालेल्या बायकांना काय सांगायचं? सरकारांनी रामराम करून सोडला म्हणून?"

सरदार दुष्ट नव्हता, हे सांगायला हवं. त्याला ती घरं आठवली, ते चेहरे आठवले. त्याच्या जागी आपण काय केलं असतं, हे छातीठोकपणे सांगणं कठीणच. त्यानं होकारार्थी मान डोलावली.

लुटारूनं तलवारीला हातही घातला नाही. दोर आवळले तेव्हा तो हसला. "उद्या धरलं असतंत ना सरदार, तर मीच शाबास म्हटलं असतं."

गढीवर नगारे वाजले. सरदारीणबाई तेवढ्या नदीकडं बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "लेकीचा मेणा अजून कसा आला नाही?"

मेणा पलीकडच्या काठापर्यंत आला होता. पण बातमी तिथं आधी पोचली. भोई माघारी वळले.

सरदारानं त्याच संध्याकाळी लुटारूला सोडून दिलं आणि सांगावा धाडला, "लेकीला पाठवा. कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही."

पलीकडच्या म्हाताऱ्या सरदाराचं उत्तर आलं, "मी अडवलेलं नाही. पण एकही नावाडी तयार होत नाही. तुमची सकाळची शपथ त्यांनीही ऐकली होती."

बाळंतपण पलीकडेच झालं. बेटावर बैठक पुन्हा कधी भरली नाही. सरदार मात्र आणखी लढाया जिंकला.

पुढं एका उन्हाळ्यात पाणी ओसरलं, तेव्हा लेक पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली. बोट धरून चालणारं पोर बरोबर होतं. अलीकडे स्वारांसह आलेल्या सरदारानं कमरेची तलवार सोडून वाळूवर ठेवली.

"ये गं बाई, घोटाभरच पाणी आहे!" असं ओरडत तो नदीत उतरला.

लेकीनं एक पाऊल पुढं टाकलं. मग तिची नजर त्याच्यामागच्या स्वारांवर गेली. तिनं पोराला उचलून छातीशी धरलं.

"आबा, तिथंच थांबा," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून चालू लागली.

तात्पर्य : वैऱ्याला दिलेला शब्द जो मोडतो, त्याच्या शब्दावर त्याची लेकरंही विसंबत नाहीत.