उंबळवाडीचा हातखांब

उंबळवाडीच्या वेशीत, मारुतीच्या डाव्या अंगाला, एक दगडी खांब उभा आहे. तो दगडाचा आहे यावर पाहुण्याचा पटकन विश्वास बसत नाही, कारण बुडापासून शेंड्यापर्यंत त्याला काळे दोरे बांधलेले आहेत. शेकड्यांनी. गाठ सोडली तर प्रत्येक दोरा हातभर लांब. कुठला बोटभर कमी, कुठला बोटभर जास्त. रस्त्याकडेच्या फलकावर 'नवसाचा खांब' असे लिहिले आहे. ते धादांत खोटे आहे. इथे कुणी कधी नवस बोललेला नाही.

गावातले म्हाकूतात्या पाहुण्यांना खांबापाशी नेतात आणि आधी त्यांनाच कामाला लावतात.

"कोपरापास्नं मधल्या बोटाच्या टोकापतूर आपला एक हात. आता त्या हातानं आपलीच उंची मोजा."

माणूस उंच असो की बुटका, त्याच्या स्वतःच्या हाताने तो साडेतीन हातच भरतो. तात्या मान हलवतात आणि मग सांगायला बसतात.

असे सांगतात की पूर्वी हे सगळे गाव घोंगड्या विणणाऱ्यांचे होते. घोंगडी दहा हात लांब विणायची. पण दहा हात कुणाचे? त्यासाठी गावाने एक माणूस ठरवलेला असे. ना उंच, ना ठेंगू. त्याचा हात तो गावाचा हात. लाकडी गज करून ठेवा, असे बाहेरचे व्यापारी सांगून थकले. गावाचे म्हणणे एकच : लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते, जित्या माणसाचा हात फसवत नाही. या हट्टाची किंमत पुढे गावाने मोजली.

त्या काळी गावाचा हात होता लखू, मायाक्काचा नवरा. गढीवर नरसोजी नावाचा अंमलदार बसलेला होता. त्याला धनी म्हणत, कारण लुटारू म्हणायची सोय नव्हती. दर मागामागे वर्षाला एक घोंगडी गढीवर फुकट जायची. ती त्याला कमी पडू लागली, पण नरसोजीने वाढीव काही मागितले नाही. त्याने हातच बदलला. सर्जा नावाचा एक ताडमाड माणूस त्याने कुठून तरी आणला. त्याचा हात लखूच्या हाताहून चार बोटे लांब होता. दहा हातांना चाळीस बोटे घोंगडी कमी भरली.

"जितकी बोटं घोंगडी कमी, तितकी बोटं छाटायची," नरसोजीने वेशीत उभे राहून हुकूम दिला.

पहिला नंबर धुळा नावाच्या विणकराचा लागला. तो पाया पडून म्हणाला, "धनी, माणसाला बोटंच धा."

"घरात माणसं किती?"

"चौघं."

"मग पुरली की!"

धुळाचा हात त्याच्याच मागाच्या ओंडक्यावर धरला, आणि घाव पडू लागले. पाचवे बोट पडले तेव्हा धुळा शुद्धीत नव्हता. त्याची लेकरे रांगेत उभी होती. मायाक्काने लखूचे धोतर मागून घट्ट धरले. तिला तिचा माणूस माहीत होता. पण धोतर सोडवून घेऊन तो पुढे गेलाच. धुळाची घोंगडी त्याने रक्तात पसरली, कोपर टेकवून टोकापर्यंत मोजली आणि म्हणाला, "पुरं धा हात. बोटभर कमी न्हाई. पोरांस्नी सोडा."

नरसोजी हसला. "या हाताचा माज हाय व्हय गावाला?"

लखूचे दोन्ही हात त्याने खांद्यातून तोडवले आणि सगळ्यांसमोर जाळले. गावाचा हात राख होईपर्यंत कुणाला हलू दिले नाही. "तिसऱ्या दिवशी येतो," जाताना तो म्हणाला. "तवर तुमचा दुसरा हात सापडतोय का बघा."

लखू मायाक्काच्या मांडीवर रक्त जाऊन मेला.

प्रेत अजून वेशीत होते, आणि म्हातारी माणसे भांडू लागली. लखूचा हात एवढा होता, नव्हे एवढा होता. जो तो आपलाच हात पुढे करी. मायाक्का ऐकत होती. माप गेले तर परवा धुळाची लेकरे जाणार, मग शेजारची, मग सगळीच. आणि लखू फुकट मेला असे होणार. ती उठली आणि घरातून बकरीच्या केसांचा दोर घेऊन आली. मेंढीच्या लोकरीचा घेतला नाही, तो ताणला की वाढतो. नवऱ्याच्या टाचेपाशी तिने दोर धरला आणि डोक्यापर्यंत ताणला.

"बाईचं डोकं फिरलं," कुणीतरी म्हणाले.

"फिरलं न्हाई. हात जाळलं त्यानं, उंची कुठं न्हेली? माणूस आपल्याच हातानं साडेतीन हात. ह्या दोराच्या सात घड्या घाला. दोन घड्या म्हंजी माझ्या मालकाचा हात."

सात घड्या घातल्या. दोन घड्यांएवढा तुकडा कापून धुळाच्या घोंगडीवर ठेवला. दहा वेळा ठेवला. शेवटचे टोक घोंगडीच्या काठावर बरोबर येऊन टेकले. मग लखूला उचलले. त्याच संध्याकाळी पाथरवटाने तो तुकडा वेशीच्या खांबावर धरून वर-खाली दोन रेघा कोरल्या. जित्या हाताचा हट्ट गावाने तिथेच सोडला.

तिसऱ्या दिवशी नरसोजी सर्जाला आणि चार शिपायांना घेऊन आला. मायाक्का घोंगडी आणि दोर घेऊन त्याच्या घोड्यासमोर उभी राहिली.

"दगडावर कोरलंय. मोजून घ्या."

"मेलेल्याचं माप चालत न्हाई," नरसोजी म्हणाला.

"मेलेल्याचंच चालतं. त्याला आता कुणाचं भ्या न्हाई."

नरसोजीची तलवार तिच्या खांद्यात उतरली. ती पडली, पण दोर सोडला नाही. त्याच क्षणी दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून बायकांनी घोंगड्या फेकल्या, असे सांगतात. चिंचोक्याच्या खळीतून नुकत्याच काढलेल्या, ओल्या, दगडासारख्या जड घोंगड्या. घोडा गुडघ्यांवर आला. नरसोजीला तलवार उचलता येईना. मग मागाच्या फळ्या आणि ओंडके घेऊन गाव तुटून पडले. धुळा उरलेल्या पाच बोटांत फळी धरून मारत होता. शिपाई आधी मेले की नरसोजी, हे कुणाला सांगता येत नाही. सर्जा तेवढा पळाला. त्याचे हात लांब होते, पण पाय त्याहून लांब निघाले, असे म्हणून तात्या इथे थुंकतात.

घोंगड्या बाजूला केल्या तेव्हा मायाक्का रांगत आली. तिने दुसरा लांब दोर मागून घेऊन नरसोजीला टाचेपासून डोक्यापर्यंत मोजले, सात घड्या घातल्या आणि दोन घड्या त्याच्याच कोपरापासून बोटापर्यंत लावून पाहिल्या. तंतोतंत जुळल्या.

"ह्योबी साडेतीनच," ती म्हणाली. "उगं भ्यालो."

ती त्या जखमेतून वाचली की नाही याबद्दल दोन मते आहेत. तात्या म्हणतात, वाचली. त्यांच्या आजीचे म्हणणे वेगळे होते.

आजही उंबळवाडीत माणूस गेला की तिरडीवर ठेवण्याआधी त्याला बकरीच्या केसांच्या दोराने मोजतात. पाच घड्या त्याच्याबरोबर जळतात, दोन खांबाला बांधतात. पाटील असो की झाडलोट करणारा, घड्या सातच. दोर कालांतराने कुजतात, गळून पडतात, आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. एकच दोर असा आहे, की जो दर दसऱ्याला जुन्याच्या मापाने नवा वळून पुन्हा बांधला जातो. पाहुण्यांना वाटते, तो लखूचा असणार.

"लखूचा हात दगडात हाय, त्याला दोर कशापायी?" तात्या म्हणतात. "ह्यो नरसोजीचा. उद्या दुसरा कोन मोठा म्हनून आला, तर त्याला दाखवाय नगो?"