पाठीवरची माती

एकदा एक क्रीडाशिक्षक आपल्या जुन्या वस्तादांना आमंत्रण द्यायला तालमीकडे निघाला. तालुक्यातल्या शाळांच्या मुलींच्या कबड्डीची बाद फेरी दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती, आणि नारळ वस्तादांच्या हस्ते फोडावा असे समितीने ठरवले होते. बाद फेरीत कोणते आठ संघ येणार आणि कोणाची गाठ कोणाशी पडणार, हे ठरवणारा मानांकनाचा तक्ता या शिक्षकानेच तयार केला होता. जिंकल्यास गुण, मोठ्या फरकाने जिंकल्यास जादा गुण, हरल्यास वजाबाकी. वशिला नाही, ओळखपाळख नाही, निव्वळ गणित. त्याला त्या तक्त्याचा अभिमान होता.

परंतु त्याच दुपारी एक प्रसंग घडला होता आणि तो काही केल्या त्याच्या मनातून जात नव्हता.

घाटमाथ्यावरच्या एका लहानशा शाळेच्या बाई आपल्या मुलींना घेऊन त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा संघ नववा आला होता. आठ संघ आत, नववा घरी.

"सर, ही पेठेतली शाळा पहिली कशी आली, तेवढं मला समजावून सांगा," बाई म्हणाल्या.

"त्या वर्षभरात एकही सामना हरलेल्या नाहीत, बाई."

"हरतील कशा? शोधून शोधून दुबळ्या शाळा गाठल्या त्यांनी. सातवीतल्या पोरींना चाळीस गुणांनी हरवलं आणि वर तुमच्याकडून जादा गुण घेतले. आम्ही सामना मागितला, तर म्हणे मैदान मोकळं नाही. माझ्या पोरी एसटीनं शेजारच्या तालुक्यात गेल्या, तिथल्या विजेत्या संघाशी खेळल्या. एकदा दोन गुणांनी हरल्या, एकदा एकानं. त्याची तुम्ही वजाबाकी केलीत."

"नियम सगळ्यांना सारखाच आहे, बाई."

"तोच तर राग आहे. एक सायकल उतारावर, एक चढावर, आणि तुम्ही दोघींना एकच घड्याळ लावून बसलात."

बाईंच्या मागे संघाची कर्णधार चंद्रा उभी होती. ती दहावीत होती. तिच्या गावची शाळा दहावीलाच संपत होती, तेव्हा पुढच्या वर्षी तिला ना शाळा असणार होती, ना संघ.  तिने एवढेच विचारले, "सर, आम्ही त्या तालुक्यात खेळायला गेलोच नसतो, घरी बसलो असतो, तर आत आलो असतो का?"

शिक्षकाने मनात बेरीज केली. आल्या असत्या, पाचव्या. पण हे काही त्याच्याने बोलवले नाही. त्याने कागदांची चळत सारखी केली आणि समितीची बैठक आहे असे सांगून तो उठला.

मला संताप येतो तो इथे. मुलींनी हिंमत केली आणि त्या हिंमतीचे गुण कापले गेले. ज्यांनी अंग चोरले त्या पहिल्या आल्या. आणि हे सारे प्रामाणिकपणे झाले. लबाडीने केलेला अन्याय कधी ना कधी पकडला तरी जातो, प्रामाणिक गणिताने केलेला अन्याय मात्र चारचौघांत छाती काढून फिरतो. त्याला कोणी हटकत नाही, कारण त्याच्या हातात कागद असतो.

तर शिक्षक तालमीत पोचला. वस्ताद कुस्तीच्या तांबड्या मातीच्या हौद्याच्या काठावर बसले होते. आमंत्रण ऐकून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बस जरा. जत्रंतल्या शेवटच्या कुस्तीला पोरगा निवडायचा हाय."

जत्रेतली शेवटची कुस्ती म्हणजे मानाची. त्यासाठी वर्षभर अंग मोडून घेतलेली पोरे रांगेत उभी राहिली. वस्ताद म्हणाले, "पाठ करा माझ्याकडं." सगळ्यांनी पाठ फिरवली. वस्ताद एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत चालले. एकाची पाठ तेलाने नुसती चकाकत होती, मातीचा कण नाही. शेवटच्या पोराच्या पाठीवर तांबड्या मातीचा थर होता, खांद्यापासून कमरेपर्यंत. वस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तू जा."

शिक्षकाला राहवले नाही. "वस्ताद, हा उघड अन्याय आहे."

"असं म्हंतोस?"

"ज्याची पाठ महिनाभरात एकदा टेकली नाही, तो मागे. आणि ज्याला रोज कोणी ना कोणी पाडतं, तो मानाच्या कुस्तीला? या पोराने काय करायला हवं होतं आणखी?"

स्वच्छ पाठीच्या पोराचे डोळे भरून आले होते. वस्तादांनी त्यालाच विचारले, "महिनाभर कुणासंगं धरलीस रं?"

"बारक्यांसंगं," तो खाली बघत म्हणाला.

"का?"

"मोठ्यांसंगं धरली की पाठ लागती. पाठ लागली की दूध-बदाम बंद."

"आन् तू?" वस्तादांनी दुसऱ्याला विचारले.

"थोरल्या पैलवानासंगं. त्ये एकटंच हुबं असायचं."

वस्ताद शिक्षकाकडे वळले. "आठवतंय का? गेल्या महिन्यात हितंच बसून तू मला शिकवलंस. म्हनलास, वस्ताद, अंदाजानं काय निवडता, हिशेब ठेवा, ज्याची पाठ लागंल त्याचा खुराक कापा. मी म्हनलं, शिकलेला पोरगा हाय, बराबर असंल. दुसऱ्या दिसापास्नं थोरल्याला जोड मिळंना. समद्यांच्या पाठी स्वच्छ झाल्या आन् तालमीतली कुस्ती मेली. ह्या पोराचा दोष न्हाई. आपन ज्याला खुराक दिला, त्ये तो शिकला."

"पण मग जो हरतो तोच मोठा म्हणायचा का?"

"मी कुठं तसं म्हनलं? नुसती माती बगून काय कळत न्हाई. ती कुनी लावली, त्ये इचारावं लागतंय. त्ये न इचारता माप लावलंस, तर त्ये पोरांची ताकद मोजत न्हाई. त्ये पोरांना भ्यायला शिकवतंय."

 मग शिक्षकाने दुपारची हकीकत सांगितली, चंद्राच्या प्रश्नासकट. ऐकता ऐकता वस्तादांचा चेहरा कठोर झाला.

"मग काय जवाब दिलास तिला?"

"काहीच नाही."

"जत्रंत पंचानं हात बगून, ताकदीला ताकद अशी जोड लावली न्हाई, तर लोक त्याला मैदानातनं उठवत्यात. तुला कुनी उठवलं न्हाई. नारळ मी फोडीन उद्या. पर आदी त्या पोरीला जवाब दे."

घाटावरची शेवटची एसटी निघून गेल्यामुळे त्या मुली सामने भरणाऱ्या शाळेच्या व्हरांड्यातच मुक्कामाला होत्या. शिक्षकाने रात्री तिथे जाऊन बाईंना एवढेच विचारले की सकाळची गाडी सोडता येईल का. सकाळी त्याने समितीपुढे उभे राहून सांगितले, "तक्ता चुकला आहे आणि चूक माझी आहे. आठव्या आणि नवव्या संघांनी आधी आपसांत खेळावं. पुढच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतील."

आठव्या आलेल्या शाळेने कुरकुर केली, मग कबूल केले. पेठेतल्या शाळेचे प्रशिक्षक मात्र खवळले. "वर्षभर कमावलेला पहिला नंबर असा हिसकावून घ्यायचा? हा आमच्यावर अन्याय आहे."

"नंबर कशाला, खेळच दाखवा," शिक्षक म्हणाला. "सामने तुमच्याच मैदानावर आहेत. वर्षभर नव्हतं, आज ते मोकळं आहे."

समितीने ते मान्य केले. शिक्षक तिथून उठून मैदानाच्या कडेला गेला. मुली वेण्या घट्ट बांधत होत्या.

"चंद्रा, काल तू विचारलंस त्याचं उत्तर हो असं आहे. घरी बसला असतात तर पाचव्या आला असतात. म्हणूनच तो तक्ता खोटा आहे. यापुढे तुम्ही हरलात, तर कोणाशी हरलात तेही मी लिहीन."

 चंद्रा म्हणाली, "आधी माहीत असतं, तरी आम्ही गेलोच असतो सर."

 पलीकडे वस्तादांनी नारळ फोडला. पहिल्याच चढाईत चंद्राची पकड झाली आणि ती पाठीवर आपटली. उठली, पाठ न झटकता बाद खेळाडूंच्या जागी जाऊन बसली आणि पुन्हा आत जायची वाट पाहू लागली. शिक्षक त्या पाठीवरच्या मातीकडे बघत उभा होता.

आपल्या मुलाचा निकाल हाती येईल, तेव्हा रागावण्याआधी त्याला एवढेच विचारावे, की बाळा, तू कोणाशी खेळलास?