झाडाच्या पोटातलं ऊन

माणूस नावाची ब्याद जन्मायच्याही फार आधी दलदलीत एक उंच झाड उन्मळून पडलं. चिखलात त्याला कुजताच येईना. पोटात जन्मभराचं ऊन साठलेलं, चैन कशी पडावी?

घारीएवढा चतुर किडा त्याच्यावर बसून हसला, "आजोबा, पडलात ना? मग कुजा की मुकाट!"

"कुजवणारं कोण आहे इथं, मेल्या? हे ऊन कुणाला तरी दिलं की सुटेन मी."

"गप पडा! तुम्ही पडलेल्या सगळ्या झाडांनी ते बाहेर काढलंत तर आम्ही होरपळू."

झाड तळमळत गाळात रुतत गेलं. कोट्यवधी वर्षांनी माणसांनी काळा दगड म्हणून त्याला उपसलं नि भट्टीत घातलं. झाड धडधडून पेटलं. सुटलं एकदाचं!

भट्टीवाला घाम पुसत बाहेर आला नि म्हणाला, "यंदा ऊन भारीच आहे बुवा!"