भुरीची हातमशीन

उंच चिंचेचं झाड. झाडावर फांदी. फांदीवर झोळी.
झोळीत कोण?
झोळीत बारकू. खारीचं एवढंसं बाळ.

बारकूची ताई भुरी. ती झोका द्यायची.
झूं झूं. झूं झूं.
बारकू लाथा मारायचा.
धप धप. धप धप.

एकदा काय झालं?
झूं झूं... धप धप... टर्र!
झोळी फाटली!
बारकू खाली लोंबला. आईने धावत येऊन उचलला.
"ट्यॅ! ट्यॅ! ट्यॅ!" बारकू रडायला लागला.

आईने बाभळीचा काटा घेतला. झोळीला हाताने टाके घातले. आत, बाहेर. आत, बाहेर.
बारकूला झोळीत ठेवलं.
धप धप... टर्र!
पुन्हा फाटली.

आई म्हणाली, "हाताचे टाके टिकत नाहीत गं. याच्या लाथा बघ! मशीनची शिवण हवी."
भुरी म्हणाली, "मग मी मशीन आणते."
"तुला चालवता येते?"
"नाही. शिकेन की!"

भुरीने आपल्या साठवलेल्या शेंगा घेतल्या. होत्या मूठभर. फाटकी झोळी काखेत मारली. आणि निघाली.
तुरुतुरु तुरुतुरु.

झाडाखाली साळूकाकाचं दुकान. साळूकाका म्हणजे साळिंदर. पाठीवर सुयाच सुया!
"साळूकाका, साळूकाका, मशीन दे ना!"
"कशाला गं?"

भुरी म्हणाली,
"झोळी फाटली, बारकू झोपेना."

"अरेरे! ये, बघ," साळूकाका म्हणाला. "ही बघ मोठी मशीन. चकचकीत! हिच्यावर शंभर नक्ष्या. फुलं काढते. पानं काढते. मोर काढते!"
"काका, झोळीला किती नक्ष्या लागतात?"
साळूकाकाने डोकं खाजवलं. "झोळीला? नक्षी कशाला? एक सरळ शिवण पुरे."
"मग नको. आणि ही चालते कशावर?"
"विजेवर."
"आमच्या फांदीवर वीज नाही."
"आणि हिला कणगीभर शेंगा पडतात."
"अगंबाई! मुळीच नको."

"मग ही पायमशीन घे. पाय मार की चालली!"
भुरीने मशीनच्या पायपट्टीवर उडी मारली. टुणुक!
मशीन हललीच नाही.
पुन्हा उडी मारली. टुणुक टुणुक!
मशीन हललीच नाही.
"खाऊन पिऊन जाड हो, मग ये," साळूकाका हसला. "हिला पोतंभर शेंगा पडतात."
"जाड होईपर्यंत बारकूच मोठा होईल!" भुरी म्हणाली.

मग भुरीने कोपऱ्यात पाहिलं. फडक्याखाली काहीतरी होतं. तिने फडकं ओढलं.
छोटीशी काळी मशीन. बाजूला एक दांडा. सोनेरी फुलं होती, पण पुसट झालेली.
"ती होय? ती जुनी हातमशीन," साळूकाका म्हणाला. "तिला फक्त सरळ शिवण येते."
"मला फक्त सरळ शिवणच हवी!"
भुरीने दांडा धरला. तिच्या हाताला बरोबर बसला.
"काका, हिला किती शेंगा?"
साळूकाकाने भुरीची मूठ बघितली. "एवढ्या पुरेत. पण माझा एक नियम आहे. नव्या शिकणाऱ्याने आधी शिवून दाखवायचं. मगच मशीन न्यायची."

त्याने एक कागद आणला. कागदावर रेघ मारली.
"आधी कागदावर. दोऱ्याशिवाय. फिरव दांडा!"
कट कट कट कट!
कागदावर भोकं पडली. पण सगळी वाकडी. इकडे गेली, तिकडे गेली, रेघ राहिली भलतीकडे!
"पुन्हा," साळूकाका म्हणाला.
कट कट कट कट!
थोडी कमी वाकडी.
"पुन्हा."
कट कट कट कट!
आता भोकं रेघेवरून चालली. शहाण्यासारखी. एकामागे एक.
"जमलं!" भुरी ओरडली. "आता झोळी!"

तेवढ्यात मशीन बोलली.
"थांब थांब! कागद झाला. पण कापड कशाने शिवू? मला दोरा आण, मग मी शिवीन."
"दोरा तर माझ्याकडे संपला," साळूकाका म्हणाला. "पलीकडच्या ओसरीत कोळीणमावशी राहते. तिला माग. झोळी इथेच ठेव."

भुरी निघाली.
तुरुतुरु तुरुतुरु.

ओसरीच्या कोपऱ्यात कोळीणमावशी. आठही पाय पोटाशी घेऊन बसलेली.
"कोळीणमावशी, कोळीणमावशी, दोरा दे ना!"
"कशाला गं?"

भुरी म्हणाली,
"झोळी फाटली, बारकू झोपेना.
दोरा नाही, मशीन शिवेना."

"आणि माझं काय?" कोळीणमावशी म्हणाली. "सकाळी जाळं विणलं. केरसुणीने मोडलं. दुपारी विणलं. केरसुणीने मोडलं. आता मी कातणारच नाही! केरसुणीला थांबव, मग मी दोरा देईन."

भुरी निघाली.
तुरुतुरु तुरुतुरु.

ओसरीच्या पायरीवर केरसुणीबाई.
खर्र खर्र. खर्र खर्र.
"केरसुणीबाई, केरसुणीबाई, थांब ना!"
"कशाला गं?"

भुरी म्हणाली,
"झोळी फाटली, बारकू झोपेना.
दोरा नाही, मशीन शिवेना.
जाळं मोडलं, कोळीण कातेना."

"मला काय हौस आहे?" केरसुणीबाई म्हणाली. "झाडून झाडून अर्धी झाले मी. बघ माझी कंबर! ती कोंबडी दिवसभर अंगण उकरते. पाचोळा उडतो. कोपऱ्यात जाऊन बसतो. मग झाडायला नको? कोंबडीला थांबव, मग मी थांबेन."

भुरी निघाली.
तुरुतुरु तुरुतुरु.

अंगणात कोंबडीकाकू.
फर्र फर्र. पक पक पकाक!
"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू, उकरू नको ना!"
"कशाला गं?"

भुरी म्हणाली,
"झोळी फाटली, बारकू झोपेना.
दोरा नाही, मशीन शिवेना.
जाळं मोडलं, कोळीण कातेना.
पाचोळा उडतो, केरसुणी थांबेना."

"उकरू नको म्हणे!" कोंबडीकाकू फुगली. "आली मोठी सांगणारी! माझ्या खुराड्याचा पडदा फाटलाय. वारा आत शिरतो. पिल्लं गारठतात. पाचोळा उकरून त्यांच्यावर घालते, म्हणून निजतात बिचारी. पडदा शिवून दे, मग मी थांबेन."
"शिवू कशी?" भुरी म्हणाली. "शिवायलाच तर मशीन हवी!"
"ते मला नको सांगू. पक पक पकाक!"

भुरी मटकन खाली बसली.
मशीनला हवा दोरा. दोऱ्यासाठी हवी शिवण. शिवणीसाठी हवी मशीन!
आता काय करायचं?
लांबून आवाज आला. "ट्यॅ! ट्यॅ! ट्यॅ!"
बारकू अजून रडत होता.

भुरी उठली. खुराड्याजवळ गेली. पडदा होता गोणपाटाचा. मधोमध मोठं भोक.
वारा आला. फूंऽऽ. भोकातून आत गेला.
आतली पिल्लं कुडकुडली. चिव चिव चिव.

भुरीने पडद्याकडे पाहिलं. मग वाऱ्याकडे पाहिलं.
वारा दिसला नाही. पण भुरी म्हणाली, "अगंबाई! वाऱ्याला पाय कुठे आहेत? तो लाथा थोड्याच मारतो! या पडद्याला हाताचे टाके पुरतील."
हाताचे टाके! पण भुरीने ते कधी घातले नव्हते. आईचे नुसते बघितले होते.

भुरी निघाली.
तुरुतुरु तुरुतुरु.

कुंपणात बाभूळआजी.
"बाभूळआजी, बाभूळआजी, काटा दे ना!"
"कशाला गं?"

भुरी म्हणाली,
"झोळी फाटली, बारकू झोपेना.
दोरा नाही, मशीन शिवेना.
जाळं मोडलं, कोळीण कातेना.
पाचोळा उडतो, केरसुणी थांबेना.
पिल्लं गारठली, कोंबडी ऐकेना."

भुरीने डोळे मिटले. आता हीसुद्धा काहीतरी मागणार!
"घे की," बाभूळआजी म्हणाली.
"तुला काही नको?"
"मला गं काय हवं? लांब काटा घे. सरळ बघून घे. आणि बोट सांभाळ."

भुरीने लांब काटा घेतला. अगदी सरळ.
गोणपाटाच्या कडेची एक सुतळी ओढली. काट्याला बांधली.
आणि घातला पहिला टाका.
आत, बाहेर.
दुसरा टाका.
आत... "आई गं!" काटा बोटात टोचला.
भुरीने बोट तोंडात घातलं. डोळ्यांत पाणी आलं. मग बोट तोंडातून काढलं.
आत, बाहेर. आत, बाहेर. आत, बाहेर.
झालं! शेवटी घट्ट गाठ.

कोंबडीकाकूने मान तिरकी केली. एका डोळ्याने बघितलं. मग दुसऱ्या डोळ्याने बघितलं.
"टाके वाकडे आहेत हो."
"असू देत," भुरी म्हणाली. "पिल्लांनो, वारा येतो का?"
वारा आला. फूंऽऽ. पडद्यावर आपटला. आणि परत गेला!
"नाही! नाही! नाही!" आतून पिल्लं म्हणाली.
"वाकडे असले तरी पक्के आहेत," कोंबडीकाकू म्हणाली. "पक्के पक्के पकाक!"

मग काय!
पडदा शिवला, पिल्लं उबली.
पिल्लं उबली, कोंबडी थांबली.
पाचोळा बसला, केरसुणी थांबली.
"हुश्श! टेकते जरा," म्हणत ती भिंतीला टेकली.
कोपरा सुटला, कोळीण कातू लागली.
सर्र सर्र! सर्र सर्र!
एक रीळ भरलं. कोळीणमावशी म्हणाली, "मशीनला एक दोरा वर लागतो. एक खाली लागतो. हे घे, दुसरंही घे."

भुरी निघाली. दोन्ही काखांत दोन रिळं.
तुरुतुरु तुरुतुरु!

"आला दोरा!" मशीन म्हणाली. "एक वर घाल. एक खाली घाल. सुईत ओव."
भुरीने ओवला. चुकला. पुन्हा ओवला. गेला!
झोळी पसरली. फाटलेल्या दोन कडा जोडल्या. दांडा फिरवला.
कट कट... गुर्रर्र!
दोऱ्याचा हा एवढा गुंता झाला!
"अगं, माझा पाय खाली कर आधी," मशीन म्हणाली. "पायाने कापड धरते मी. नाहीतर ते पळतं."
"सांगायचं नाहीस का?"
"तू विचारलंस का?"
साळूकाका खो खो हसला. त्याच्या सगळ्या सुया हलल्या. पण मदतीला आला नाही. नुसता बघत राहिला.

भुरीने गुंता काढला. हळू, हळू. न चिडता.
मशीनचा पाय खाली केला. टक!
आणि दांडा फिरवला.
कट कट कट कट! कट कट कट कट!
बारीक टाका. जवळ टाका. एकामागे एक.
कट कट कट कट!
या टोकापासून त्या टोकापर्यंत!

साळूकाकाने झोळी हातात घेतली. इकडून ओढली. तिकडून ओढली.
शिवण हललीच नाही.
"ठेव शेंगा," तो म्हणाला. "मशीन तुझी."
भुरीने शेंगा ठेवल्या. मशीनवर हात ठेवला.
"माझी?"
"तुझीच तर आहे मी!" मशीनच म्हणाली. "चल आता, बाळ रडतंय."

साळूकाकाने मशीन उचलली. चिंचेच्या बुंध्याशी नेऊन ठेवली. झोळी घेऊन भुरी वर पळाली.
तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

आईने झोळी टांगली. बारकूला आत ठेवलं.
बारकूने लाथ मारली. धप!
आई घाबरली.
बारकूने दोन लाथा मारल्या. धप धप!
भुरी घाबरली नाही.
बारकूने खूप लाथा मारल्या. धप धप धप धप!
झोळी फाटली?
नाही!
मग बारकूने जांभई दिली. अंगठा तोंडात घातला.
झूं झूं. झूं झूं.
आणि बारकू झोपला.

आईने शिवणीवरून बोट फिरवलं. सगळी सरळ, फक्त एका जागी जराशी वाकडी.
मग तिने झोपलेल्या बारकूला अलगद काढलं. झोळी उलटी केली. शिवण बाहेर आली. बारकूला पुन्हा आत ठेवलं.

भुरी कुजबुजली, "आई, शिवण आतल्या बाजूला असते ना?"
"असते," आई म्हणाली. "ही बाहेरच राहू दे."
"का?"
"खालून जाणाऱ्या सगळ्यांना दिसू दे. माझ्या भुरीने शिवली आहे."

भुरीने शेपटी तोंडावर ओढली.
आणि शेपटीआडून खूप वेळ हसत राहिली.